दुबार नाव

४ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुला फोन करण्यात अर्थ नाही हे आई परवा पुन्हा एकदा शिकली. तिने गुडघ्याची चौकशी केली आणि तू तिला काळा दगड कुठून आणतोस ते सांगितलंस. तीस वर्षं हातोडी कानाशी वाजवल्यावर दुसरं काय होणार. म्हणून पत्र.

काम तुझ्याच लायकीचं आहे. आमच्या चरित्रकोशाचा नवा खंड मार्चमध्ये छापायला जातोय आणि माझ्या टेबलावर आलंय ते पान ज्याला ऑफिसात सगळे ‘गर्दीचं पान’ म्हणतात. एकाच नावाची नामांकित माणसं, जन्मसालाप्रमाणे, आकडे घालून. आणि नाव कुठलं, तर तुझं. सध्या चार आहेत. पहिले गवताचे अभ्यासक, त्रेचाळीस जाती शोधणारे. दुसरे पैलवान. तिसरे तुमच्या गावच्या मोठ्या पुलाचे अभियंता. चौथे नट, ज्यांनी पंचविशीपासून फक्त म्हाताऱ्यांची कामं केली आणि खरोखरचे म्हातारे झाल्यावर ज्यांना कुणी विचारेना.

अडचण तिसऱ्यांची आहे. तुमच्याच गावातल्या एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आम्हाला पत्रं लिहितात. त्यांचं म्हणणं, पुलाचं पाण्याखालचं काम अभियंत्यांनी नाही, त्यांच्या वडिलांनी केलं. वडील पाणबुडे होते आणि त्यांचं नावही अगदी तेच होतं. “तुमच्या पुस्तकात माझे वडील साहेबांच्या पोटात गेले आहेत,” असं लिहितात. आधीच्या दहा पत्रांना ऑफिसने छापील उत्तर पाठवलं. अकरावं माझ्याकडे आलं.

तुझी ती वही अजून आहे ना? आपल्या नावाच्या सगळ्या थोर माणसांची? त्यात या अभियंत्यांबद्दल काय आहे ते कळव. मामीला नमस्कार.

तुझी भाची


११ जानेवारी

चि. कोशबाई,

आशीर्वाद. वही अर्थातच आहे. ती ‘अजून आहे ना’ असं विचारणं हा वहीचा नाही, माझा अपमान आहे.

शाळेत आमच्या एका वर्गात या नावाचे चौघे होते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी आकडे वाटले आणि मी ‘चौथा’ झालो. शाळा सातवीत सुटली, आकडा सुटला नाही. बाजारात आजही कुणाला माझं खरं नाव विचारलंस तर लोक विचारात पडतात. तेव्हाच मी ठरवलं की या नावाने काय काय केलंय ते बघायचं. चाळीस वर्षांची कात्रणं आहेत. मला शिकवायला कुणी नव्हतं. अक्षर आखणं, ओळीतलं अंतर, दगडाची नस, सगळं मी बघून आणि बिघडवून शिकलो. ही वही माझं कॉलेज.

तुझे अभियंता वहीत पहिल्या पानावर आहेत. कारण त्या माणसाने नुसते नकाशे काढले नाहीत. तुमच्याच कोशात लिहिलंय, “ते स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून नदीच्या तळाशी उतरत व पाया हाताने तपासत.” हे वाक्य मी दुकानात भिंतीवर लावलंय. शाळेच्या पुस्तकातसुद्धा धडा आहे. आपल्या हाताने केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो माणूस मला कळतो.

बाईंचं वय झालंय. वडिलांचं प्रेम समजू शकतो, पण प्रेमाने पुरावा होत नाही. पुलाच्या तोंडाशी दगड आहे, पूल बांधणाऱ्यांच्या नावांचा. पुलाला चाळीस वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेने बसवला. तो कुणी कोरला? मी. चोवीस वर्षांचा होतो, माझा पहिला मोठा दगड. तिसरी ओळ: त्यांचं नाव, पुढे ‘मुख्य अभियंता व पाणबुडे’. नगरपालिकेची यादी, माझी अक्षरं. एकोणतीस वर्षांत त्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही.

चूक कुणाची असेलच, तर ती शोधून काढ, आणि ज्याने केली त्याला अजिबात सोडू नकोस. माझ्या दुकानातली पाटी तुला माहीत आहे: ‘मजकूर दोनदा वाचून द्या. कोरलेलं पुसत नाही.’

चौथा मामा


२० जानेवारी

प्रिय मामा,

तू म्हणालास म्हणून शोधत गेले. शाळेच्या पुस्तकातला धडा आमच्या कोशावरून घेतलेला. आमच्या कोशातली नोंद कशावरून, म्हणून जुन्या चिठ्ठ्यांचे खोके उपसले. तुझं लाडकं वाक्य ज्याने लिहिलं त्याने खाली आधार दिलाय. एकच: ‘पुलावरील दगड’. तळाशी उतरणं, पोशाख चढवणं, हाताने तपासणं ही सगळी त्याने तुझ्या तिसऱ्या ओळीवर चढवलेली शोभा आहे. म्हणजे पुस्तक कोशावर उभं, कोश दगडावर उभा. दगडाखाली काय आहे ते कुणी पाहिलेलंच नाही.

बाईंकडे वडिलांची डुबक्यांची वही आहे. चार पानांच्या प्रती त्यांनी पाठवल्या. मला त्या खऱ्या वाटतात. पण मुख्य संपादकांचा नियम पक्का आहे: घरातला एक कागद आणि बाहेरचा एक कागद, दोन्ही हवेत. घरातल्या वहीवर त्यांचा विश्वास नाही. “वहीवर नाव काय आहे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मग ही अभियंत्यांचीच वही नाही कशावरून?” झालं. ज्या नावासाठी बाई भांडतायत तेच नाव त्यांच्या आड येतंय.

मामा, नगरपालिकेने तुला दिलेली मूळ यादी तुझ्याकडे असेल का? तू तर लग्नाच्या पाट्यांचेसुद्धा कागद ठेवतोस. नगरपालिकेत मी विचारलं, त्यांच्याकडे तेव्हाचं काहीच नाही. माझा अंदाज, यादी करणाऱ्या कारकुनानेच घोळ घातला असणार. तसं दिसलं तर निदान चूक कुठे झाली ते तरी कळेल. पंधरा मार्चला पान बंद होईल. त्यानंतर पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, काही हलत नाही. बाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, हिशेब तूच कर.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

चि. कोशबाई,

यादी सापडत नाही. मागच्या खोलीत एकदा पाणी शिरलं होतं, त्यात गेली असावी. दुकानात काम फार आहे. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या कपाटातून कागद हरवला हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्याला बरं नसेल.” मी म्हटलं, पाणी शिरलं होतं. ती म्हणाली, “त्या घरात पाणी शिरलं तरी आधी याची परवानगी घेऊन शिरेल.” तेव्हा तब्येत कळव.

इकडे मुख्य संपादकांनी बाईंना नकाराचं पत्र लिहायला सांगितलंय. मसुदा मीच करतेय. तीनदा फाडला. बाहेरचा कागद नाही, त्यामुळे माझ्याकडे बोलायला तोंड नाही.

त्यांच्या अकराव्या पत्राचा शेवट तुला उतरवून पाठवते. उगाच. तुला वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

“मला मोठेपणा नको आहे. साहेब चांगले होते, त्यांचं काही कमी करू नका. पण मी नऊ वर्षांची असताना काठावर बसून दोरीकडे बघायचे. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे हवा वाढवा, तीन म्हणजे वर ओढा. मी हिसके मोजायचे. ती दोरी साहेबांची नव्हती. तुमचं उत्तर येईपर्यंत मी लिहीत राहीन. शिवणकाम करते, बसायची सवय आहे.”

पत्ता त्यांनी दर वेळी पूर्ण लिहिलाय. पुलाच्या पलीकडे, कापडाच्या गोदामामागे, दुसरा मजला.

तुझी भाची


१ मार्च

चि. कोशबाई,

सोबत यादी आहे. मूळ. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवतोय, घडी घालू नकोस.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं त्याच संध्याकाळी ती सापडली होती. माझ्या कपाटात कागद शोधायला दीड मिनिट लागतं. मी खोटं लिहिलं.

बारा नावं आहेत, एकाखाली एक, कारकुनाच्या सुवाच्य अक्षरात. कारकुनाने घोळ घातलेला नाही. तिसऱ्या ओळीत मुख्य अभियंता. नवव्या ओळीत तेच नाव, पुढे ‘पाणबुडे’. नवव्या ओळीवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आहे. कडेला लिहिलंय, ‘दुबार नाव. काढले.’ तिसऱ्या ओळीत ‘अभियंता’पुढे लाल पेन्सिलीने ‘व पाणबुडे’ वाढवलंय. खाली सही आणि तारीख. सही कुणाची ते तुला सांगायला नको.

तूच म्हणाली असतीस, मामा, चूक माणसाकडून होते. म्हणून पूर्ण सांगतो. त्या दगडावर पावणेदोन इंचाच्या अक्षरात अकरा ओळी बसत होत्या आणि नावं बारा होती. दोन दिवस मी ओळी आखत, पुसत होतो. तिसऱ्या दिवशी नाव दुबार आलेलं दिसलं आणि हायसं वाटलं. मी कारकुनाची चूक पकडली याचाच आनंद झाला. विचारायला नगरपालिका दोन गल्ल्या पलीकडे होती. गेलो नाही. स्वतः शिकलेल्या माणसाला कुणाला विचारायचं म्हणजे शिकलो नाही असं कबूल करावंसं वाटतं. आणि मनात शंका अशी आलीच नाही, कारण मला वाटायचं, मोठी माणसं सगळं स्वतःच करतात. त्यांना खाली उतरणारा दुसरा कुणी लागत नाही.

नंतर हे मी साफ विसरलो. तुमच्या कोशात माझंच वाक्य सजून आलं आणि मी ते भिंतीवर लावून रोज बघत बसलो. माझ्याच नावाच्या चौघांपैकी एक होतो मी वर्गात. एका नावाची दोन माणसं असू शकतात हे सगळ्या गावात मला आधी कळायला हवं होतं.

तुझं पत्र वाचलं, तरी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी पूल ओलांडला. जाताना दगडाकडे बघितलं नाही.

बाईंची खोली दहा बाय बारा. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला टांगलेल्या कागदी कापणीच्या आकृत्या, प्रत्येकीवर माप आणि तारीख. बरं वाटलं. मी म्हटलं, “मी दगड कोरणारा.” त्या म्हणाल्या, “काय?” मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं नाही, मी सांगितलेलं त्यांना आलं नाही, आणि अशा रीतीने माझा एकोणतीस वर्षांपूर्वीचा गुन्हा आम्ही दोघांनी ओरडून ओरडून अख्ख्या मजल्याला ऐकवला. समोरच्या दारातली बाई भांडं हातात घेऊन उभीच राहिली.

ऐकून त्या पुन्हा यंत्राशी बसल्या. बाही शिवत होत्या, ती पुरी केली. मग वही काढून दिली.

तुझ्याकडे चार पानं आहेत. मी पूर्ण वाचली, तिथेच बसून. गढूळ पाण्यात दिसत काही नाही, म्हणून प्रत्येक डुबकीखाली शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘हाताला लागलं’, आणि पुढे काय लागलं ते. वाळू. लाकूड. सपाट दगड. एकशे बारावी डुबकी बघ, उतरवून घेतली: “खोली चौतीस फूट. वेळ बावीस मिनिटं. चौथा खांब. हाताला लागलं: फट. तीन बोटं आत गेली. साहेबांना म्हटलं, खांब आठ फूट पुढे घ्या. साहेब म्हणाले, तू म्हणतोस तर घेऊ.” आणि एका ठिकाणी: “साहेबांचं नि माझं नाव एकच. साहेब म्हणतात, पूल पडला तर लोकांना एकच शिवी पुरेल.”

हे साहेबही खरे मोठे होते. मी त्यांना वेगळ्याच गोष्टीसाठी मोठं करून ठेवलं होतं.

निघताना बाई म्हणाल्या, “शिवण चुकली की मी उसवते. तुमच्यात काय करतात?”

“आमच्यात उसवता येत नाही. नवा दगड लागतो.”

“मग आणा,” म्हणाल्या, आणि दुसरी बाही घेतली.

यादीत दोन नावं आहेत, दोन कामं आहेत, आणि कागद त्यांच्या घरचा नाही. तुझ्या मुख्य संपादकांना बाहेरचा कागद हवा होता, हा घे. त्यावरची लाल रेघ झाकून छायाचित्र काढू नकोस. रेघेशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

पुठ्ठे सावकाश उघडले, घडी पडलेली नाही.

मुख्य संपादकांनी भिंग काढलं, कागद उन्हात धरला, शिक्का तपासला. पाऊण तास. मग म्हणाले, “हा कोरणारा कोण?” मी म्हटलं, “माझा मामा.” ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, घरातला कागद. ते म्हणाले, “स्वतःची चूक दाखवायला कुणी खोटा कागद करत नाही. घ्या.”

मामा, एक मीही सांगते. जानेवारीत ‘कारकुनाने घोळ घातला असणार’ असं लिहिलं तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. तुझी तिसरी ओळ वाचल्याबरोबरच शंका आली होती. लहानपणी दुकानात बसून मी तुला गिऱ्हाइकांचे मजकूर परस्पर सुधारताना पाहिलंय. पण तुला तोंडावर विचारायची छाती झाली नाही, म्हणून पळवाट ठेवून विचारलं. तू त्याच वाटेने गेलास तेव्हा तुझ्यापेक्षा माझाच जास्त राग आला.

पान बदललं. पाणबुडे जन्मसालाप्रमाणे अभियंत्यांनंतर आणि नटांच्या आधी येतात. म्हणजे नट पाचवे झाले आणि खंडभर जिथे जिथे त्यांचा आकडा होता तिथे तो हाताने बदलावा लागला. एकतीस ठिकाणी. छापखान्यातला जुळारी मला शिव्या देतोय. अभियंत्यांच्या नोंदीतून तुझं लाडकं वाक्य गेलं. त्याजागी खांब आठ फूट हलवण्याचा निर्णय आला, कुणाच्या सांगण्यावरून ते सांगून.

आता एकच प्रश्न. आधारात मला लिहावं लागेल की दगड कोरताना एक नाव वगळलं गेलं. ‘वगळलं गेलं’ एवढंच लिहिता येईल. कोणी, ते लिहायलाच हवं असं नाही. दोन दिवसांत कळव. आई म्हणतेय, तू चारचौघांत चुकलास हे ऐकून तिला त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तुझी मोठी बहीण असल्यासारखं वाटतंय.

तुझी भाची


११ मार्च

चि. कोशबाई,

‘वगळलं गेलं’ म्हणजे काय? आपोआप? दगडावरून नाव वाऱ्याने उडालं?

लिही: ‘कोरणाऱ्याने वगळले.’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. आकडा नको, मी नामांकित नाही. पण ज्याचं काम त्याच्या नावावर, एवढ्याचसाठी तर बाईंनी अकरा पत्रं लिहिली. ताईला सांग, आनंद पुरवून वापर, पुन्हा मिळणार नाही.

मामा


२ मे

चि. कोशबाई,

दगड बसला. पहिल्या दिवसापासून सांगतो.

तुमच्या कोशाचं पत्र घेऊन नगरपालिकेत गेलो. दोन गल्ल्या. मोजल्या, दोनशे चाळीस पावलं. जुना दगड काढायची परवानगी मिळाली, नवा मी देणार हे आधीच सांगितलं होतं. भिंतीवरचं वाक्य काढलं. तिथे आता यादीची प्रत लावली आहे, लाल रेघेसकट. गिऱ्हाईक विचारतात, मी सांगतो. त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट लोक मजकूर दोनदा वाचून देऊ लागले.

त्याच मापाच्या नव्या दगडावर बारा ओळी आखल्या. अक्षराची उंची पावणेदोन इंचांवरून दीडवर आणली आणि बारावी ओळ आरामात बसली. पाव इंच. तेवढंच लागत होतं.

क्रमासाठी बाईंकडे गेलो. मला वाटत होतं, साहेबांच्या लगेच खाली घालावं, म्हणजे बघणाऱ्याला दोन माणसं आहेत हे चटकन कळेल. त्या नाही म्हणाल्या. “सगळ्यात शेवटी घाला. बाबांना तळाची सवय होती.”

मी म्हटलं, “लोक वाकून वाचणार नाहीत.”

“ज्याला वाचायचं तो वाकेल.”

बसवायच्या आदल्या दिवशी नगरपालिकेतून एक बाई मजकूर तपासायला आल्या. चुणचुणीत, हातात लाल पेन. तिसरी ओळ वाचली, बारावी वाचली, पुन्हा वर गेल्या. “काका, हे नाव दोनदा आलंय,” म्हणाल्या. “एक काढायचं राहिलं का?”

“दोनदाच आहे,” मी म्हटलं. “पण तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत.” त्यांना बसवलं, चहा दिला आणि भिंतीवरचा कागद दाखवला. जाताना त्यांनी पेनाचं टोपण घट्ट लावल्याचं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड उभा केला. ओळंबा तीनदा लावून बघितला. समारंभ नव्हता, बाईंनीच नको म्हटलं. त्या शिवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, वाटेत कुणाची बटणं द्यायची होती म्हणून. दगडासमोर उभ्या राहिल्या. अकरा ओळी त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. मग डबा बाजूला ठेवून जमिनीवर बसल्या. मी हात द्यायला पुढे झालो, तर तो बाजूला सारला.

डोळे मिटून त्यांनी बारावी ओळ चाचपली. पहिल्या अक्षरापासून, सावकाश, कडा न् कडा. खाली नदी गढूळ वाहत होती. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं. आम्हा दोघांचे कान असे, पण या वेळी त्या हळू बोलल्या तरी मला नीट ऐकू आलं.

“हाताला लागलं,” म्हणाल्या.

चौथा मामा

ता. क. ‘चौथा’ ही सही आता शेवटची. कोशात तो आकडा आता पाणबुड्यांचा आहे.